हायपरइलास्टिक सूत्र निवडताना पॉलिकॉन्व्हेक्सिटी: काय तपासायचं आणि प्रमेयाची हद्द कुठे

लघुकोन
सॉफ्टवेअरच्या यादीतून हायपरइलास्टिक, म्हणजे विरूपणावरून साठलेली ऊर्जा सांगणारं, एखादं सूत्र उचलायचं, प्रयोगाच्या आलेखावर बसवायचं आणि पुढे जायचं, ही रबराच्या गणिताची चालू रीत. आलेख बसला म्हणजे त्या सूत्राला किमान ऊर्जेची स्थिती आहेच, असं मात्र नाही. ती नसेल तर जाळी (गणितासाठी नमुन्याचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) बारीक कराल तसं उत्तर बदलत राहतं आणि खापर सॉल्व्हरवर, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमवर, फुटतं. सूत्र हातात आल्यावर कागदावर काय तपासायचं, आणि तपासून झाल्यावरही कशाची हमी मिळत नाही, यासाठी हा धागा.

खुणा अशा: य = विरूपण, ग = त्याचा ३×३ ग्रेडियंट, को = ग चा कोफॅक्टर मॅट्रिक्स, ड = ग चा डिटर्मिनंट, ऊ(ग) = मूळ अवस्थेतल्या एकक आकारमानामागची ऊर्जा. ल आणि म हे लामेचे स्थिरांक (पदार्थाची ताठरता सांगणारे), लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. |ग|² म्हणजे नऊही घटकांच्या वर्गांची बेरीज.

ऊ कडून दोन गोष्टी हव्यातच. नमुना नुसता फिरवला तर ऊर्जा बदलता कामा नये. आणि ड शून्याकडे गेला की ऊ अनंताकडे गेली पाहिजे, कारण पदार्थ चेपून चेपून शून्य आकारमानाचा होत नाही. एवढं मान्य केलं की ऊ हे ग चं कॉन्व्हेक्स फलन असूच शकत नाही. एकक मॅट्रिक्स घ्या, आणि डायगोनल (−१, −१, १) घ्या, म्हणजे १८० अंशांत फिरवणं. दोन्हीकडे ऊर्जा तीच आणि सांत. मधला बिंदू (०, ०, १), तिथे ड = ०, ऊ अनंत. कॉन्व्हेक्स फलन मध्यावर टोकांच्या वर जात नाही, म्हणजे विषय संपला. आणि हे बरंच आहे: काटेकोर कॉन्व्हेक्स ऊर्जेला एकच उत्तर असतं, पण दांडी दाबली की ती डावीकडेही वाकते नि उजवीकडेही.

कॉन्व्हेक्सच्या जागी काय, याचं तात्त्विक उत्तर मॉरी यांनी १९५२ साली दिलं: क्वासिकॉन्व्हेक्सिटी. तुकड्याच्या कडेवर एकसारखं विरूपण ग लादलं, तर आत कितीही खळबळ केली तरी सरासरी ऊर्जा ऊ(ग) पेक्षा कमी होत नाही, अशी ती अट. अडचण दोन प्रकारची. ती तपासायला सगळ्या खळबळींवर इंटिग्रल घ्यावं लागतं. आणि मॉरींच्या प्रमेयाला ऊ वर वरून बहुपदीची मर्यादा लागते, जी 'ड शून्याकडे, ऊ अनंताकडे' या अटीशी सरळ भांडते.

जॉन बॉल यांनी १९७७ साली यातून वाट काढली. ऊ(ग) = ग्र(ग, को, ड) असं लिहिता यावं, आणि ग्र हे ९ + ९ + १ = १९ चलांचं कॉन्व्हेक्स फलन असावं. हीच पॉलिकॉन्व्हेक्सिटी. ग, को, ड एकमेकांवर अवलंबून आहेत हे विसरून त्यांना सुटे चल मानायचं, सगळी ताकद त्यातच आहे. ग्र ला ड ≤ ० वर अनंत किंमत खुशाल देता येते.

अस्तित्वाचा युक्तिवाद थोडक्यात. ऊर्जा कमी कमी होत जाणारी विरूपणांची मालिका घ्या. खालून ऊ ≥ क१(|ग|^प + |को|^क + ड^र) − क२ अशी मर्यादा असेल, तर तिन्ही राशी आपापल्या अवकाशात बांधलेल्या राहतात आणि वीक लिमिट (फक्त सरासरीने जवळ येणारी लिमिट) मिळते. (काठाच्या शून्याहून मोठ्या क्षेत्रफळावर विस्थापन दिलेलं हवं, नाहीतर पॉइंकारे असमानता लागू होत नाही.) वीक लिमिट गुणाकार सहसा पाळत नाही, पण मायनर (ग मधल्या चौकोनी तुकड्यांचे डिटर्मिनंट, म्हणजे को चे घटक आणि ड) पाळतात, कारण ते डायव्हर्जन्सच्या रूपात लिहिता येतात: य१ चं १ दिशेचं डेरिव्हेटिव्ह × य२ चं २ दिशेचं, वजा उलटसुलट जोडी, हे सगळं (य१ × य२ चं डेरिव्हेटिव्ह) च्या डेरिव्हेटिव्हच्या वजाबाकीइतकं असतं. कंसातला पहिला घटक स्ट्राँग जातो, दुसरा वीक, गुणाकार टिकतो. मग ग्र च्या कॉन्व्हेक्सिटीने ऊर्जेची खालची बाजू सांभाळली जाते. घातांक बॉल यांच्या मूळ प्रमेयात: प ≥ २, क ≥ प/(प − १), र > १. हे घातांक शोभेचे नाहीत, पुढे त्यांच्यावरच सगळं अडतं.

जाळीदार
छान मांडलंय. कागदावर पहिला बळी सेंट वेनाँ–किर्खहोफचा द्यावा, कारण 'मोठं विरूपण' असा पर्याय टिचकी मारून चालू केला की बऱ्याच ठिकाणी तेच सूत्र मागे बसलेलं असतं.

विकृती घ्या ग्रीन–लाग्रांज, म्हणजे (ग चा ट्रान्सपोज × ग − एकक)/२, ऊ = (ल/२)(ट्रेस)² + म × (वर्गांची बेरीज). आता आडवं सरकू न देता एकाच दिशेने दाबा, ग = डायगोनल (स, १, १). मिळतं:

ऊ = (ल/२ + म)(स² − १)²/४
प्रतिबल = (ल/२ + म) स(स² − १)
दुसरं डेरिव्हेटिव्ह = (ल/२ + म)(३स² − १)

स जेव्हा १/√३, म्हणजे ०.५७७ च्या खाली जातो तेव्हा दुसरं डेरिव्हेटिव्ह ऋण. ४२ टक्के दाबलं की प्रतिरोध शिखरावर, त्यानंतर दाबाल तसा पदार्थ मऊ. स = ० ला ऊर्जा फक्त (ल + २म)/८, म्हणजे सपाट चेपायला सांत काम पुरतं. तिथून एलिमेंट आतबाहेर उलटतं आणि सॉल्व्हर 'ऋण जेकोबियन' म्हणून ओरडतो. टाइमस्टेप कमी करून हे बरं होत नाही. (स, १, १) ही रँक-वन रेषा आहे (तिच्यावरच्या दोन मॅट्रिक्समधला फरक रँक एकचा), म्हणजे इथे रँक-वन कॉन्व्हेक्सिटीच, अशा रेषांवरची कॉन्व्हेक्सिटी, मोडली. पॉलिकॉन्व्हेक्सिटी लांबच राहिली. लहान विकृती आणि मोठं फिरणं, पातळ पट्टी वाकवणं वगैरे, यासाठी हे सूत्र ठीक. दाबासाठी नको.

अर्धविराम
निओ-हुकियनचं काय? पाठ्यपुस्तकी रूप असं:

ऊ = (म/२)(|ग|² − ३) − म लॉग ड + (ल/२)(लॉग ड)²

पहिलं पद कॉन्व्हेक्स, −लॉग ड सुद्धा कॉन्व्हेक्स. शेवटच्या वर्गाबद्दल शंका आहे.

लघुकोन
शंका रास्त आहे. ड वर अवलंबून असलेल्या भागाचं दुसरं डेरिव्हेटिव्ह (म + ल − ल लॉग ड)/ड². लॉग ड > १ + म/ल झालं की ऋण. ल खूप मोठा असेल तर साधारण ड = २.७ च्या पुढे. पक्क्या रबराचं आकारमान पावणेतीन पट होत नाही, म्हणून दाबाच्या किंवा साध्या ताणाच्या गणितात हे कोणाला जाणवत नाही. पण फोम फुगवण्याच्या, सूज येणाऱ्या जेलच्या किंवा भेगेच्या टोकाशी मोठी ताण-स्थिती असलेल्या गणितात ड तिथपर्यंत जातो. उपाय सोपा आहे: (लॉग ड)² काढून (ड − १)² टाका, किंवा (ड² − १)/२ − लॉग ड घ्या. दोन्ही सगळीकडे कॉन्व्हेक्स आहेत आणि ड = १ पाशी पुन्हा जुळवून घेता येतात. दुसरं जास्त बरं, कारण (ड − १)² ला ड = ० ला काहीच भिंत नाही; −म लॉग ड ची भिंत तेवढी उरते आणि म लहान असेल तर ती ठेंगणी पडते.

मूळात स्वच्छ सूत्र हवं असेल तर सियार्ले आणि जेमोना यांचं १९८२ चं घ्या:

ऊ = अ|ग|² + ब|को|² + च ड² − छ लॉग ड + स्थिरांक

अ, ब, च, छ चारही धन असले की पॉलिकॉन्व्हेक्सिटी डोळ्यांनी दिसते. कोणत्याही धन ल, म ला ते जुळवता येतं. हिशेब असा. साधा शिअर गॅमा लावला तर |ग|² आणि |को|² दोन्ही ३ + गॅमा², ड = १; म्हणून अ + ब = म/२. एकदिश ताणात (स, १, १) घालून स = १ ला प्रतिबल शून्य हवं: २अ + ४ब + २च = छ. तिथलंच दुसरं डेरिव्हेटिव्ह २छ = ल + २म. सोडवलं की

छ = ल/२ + म, अ = म/२ − ब, च = ल/४ − ब

आणि ब कुठलाही, फक्त ० < ब < म/२ आणि ब < ल/४. एक मोकळा आकडा हातात राहतो. तो दोन अक्षांच्या ताणाच्या प्रयोगावरून बसवा. नुसत्या एकदिश प्रयोगावरून ब ठरवायला जाल तर तो कुठेही लोळतो.

तिरकस
बहुतेक व्यावसायिक कोड |ग|² आणि |को|² थेट वापरत नाहीत, हे इथे सांगायला हवं. ते आकारमानाचा भाग वेगळा काढतात: ड^(−२/३)|ग|² आणि ड^(−४/३)|को|², आणि जोडीला (ड − १)² चं दंडपद, म्हणजे आकारमान बदललं की ऊर्जा वाढवणारं पद. दिसायला हे मूनी–रिव्हलिनच. पण पॉलिकॉन्व्हेक्सिटी दुसऱ्या पदात निसटते.

नियम असा (इथले प, क वरच्या प्रमेयातले नव्हेत): |क्ष|^प / ड^क हे क्ष आणि ड मध्ये मिळून कॉन्व्हेक्स असतं, जर प ≥ क + १. पहिल्या पदात प = २, क = २/३: २ ≥ ५/३, पास. दुसऱ्यात प = २, क = ४/३: २ ≥ ७/३ नाही, नापास. हार्टमान आणि नेफ यांनी २००३ मध्ये हे नीट मांडलं, आणि इलाजही सोपा आहे: त्या पदाचा ३/२ घात घ्या. मग |को|³/ड², ३ ≥ २ + १, काठावर पास.

नापास म्हणजे नुसतं तांत्रिक नापास नव्हे. आकारमान राखून एकदिश ताणलेली स्थिती घ्या, डायगोनल (स०, १/√स०, १/√स०), आणि आता फक्त पहिला आकडा हलवा. दुसरं पद स^(−४/३) आणि स^(२/३) यांची बेरीज होतं. स^(२/३) उलट्या बाजूने वाकलेलं. हिशेब केला तर स०³ > ७, म्हणजे स० साधारण १.९१ च्या पुढे ते जिंकतं. दुप्पट ताण रबराला काहीच नाही.

जाळीदार
मग दंडपद सांभाळून घेत नाही का? त्याचा बल्क मॉड्युलस (आकारमान बदलायला होणारा विरोध) म च्या हजारपट असतो.

तिरकस
घेतं. पक्क्या रबरात ही अडचण झाकली जाते, म्हणून तर इतकी वर्षं कोणी हरकत घेत नाही. अर्थात तेव्हा सूत्र चांगलं नाही, दंड मोठा आहे. तेच सूत्र फोमला किंवा ऊतीला लावलं, जिथे बल्क मॉड्युलस म च्या दोन-चार पटच आहे, की पांघरूण पुरत नाही. यादीतलं नाव तेच, आकडे फक्त बदलले, असं वाटतं. प्रत्यक्षात समीकरणाचा प्रकार बदललेला असतो.

अर्धविराम
पॉलिकॉन्व्हेक्स आहे की नाही हे हाताने सिद्ध होत नसेल, उदा. तंतूंची पदं असलेलं धमनीचं सूत्र, तर संगणकावर काय तपासायचं?

जाळीदार
रँक-वन तपासा. पॉलिकॉन्व्हेक्स असेल तर क्वासिकॉन्व्हेक्स, आणि ते असेल तर रँक-वन, ही साखळी एकाच दिशेने जाते. त्यामुळे शेवटची कडी तुटली तर सगळंच गेलं. प्रत्येक गॉस बिंदूवर (एलिमेंटच्या आत इंटिग्रलसाठी किमती काढतात तो बिंदू) ऊ चं ग च्या संदर्भातलं दुसरं डेरिव्हेटिव्ह (८१ घटक) घ्या, दिशा न साठी त्याचा दुसरा आणि चौथा निर्देशांक न शी गुणून ३×३ अकूस्टिक टेन्सर बनवा, त्याची सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू बघा. न अर्ध्या गोलावर फिरवा, न आणि −न एकच. दोन-दोन अंशांचं जाळं पुरतं, नंतर जिथे किमान दिसेल तिथून न्यूटनच्या एक-दोन पायऱ्या. किंमत शून्याला टेकली की त्या न ला काटकोनात पट्टे उमटायला लागतात, आणि पट्ट्याची रुंदी एलिमेंटच्या रुंदीइतकी निघते. जाळी अर्धी केली की पट्टा अर्धा. हे लक्षण दिसलं की सॉल्व्हरच्या सेटिंगशी खेळणं थांबवा.

तंतूंच्या पदांबद्दल: तंतूच्या दिशेतल्या ताणाचा वर्ग |ग·तंतू|² हा ग मध्ये कॉन्व्हेक्स. त्याच्यावर वाढतं कॉन्व्हेक्स फलन (एक्सपोनेन्शियलसुद्धा) बसवलं तरी ठीक, पण फक्त तंतू ताणलेला असताना. तंतू दबलेला असताना तेच पद चालू ठेवलं तर 'वाढतं' ही अट मोडते, आणि वर सेंट वेनाँचं जे झालं तेच होतं. म्हणून वर्ग १ च्या खाली गेला की पद बंद करण्याची जी पद्धत आहे, ती नुसती शरीरशास्त्राची सोय नव्हे.

लघुकोन
एक पुरवणी. साखळी उलटी चालत नाही हे नुसतं 'माहीत नाही' या सदरातलं नाही. लक्ष्य ३ मितींचं असेल तर रँक-वन असूनही क्वासिकॉन्व्हेक्स नसलेलं फलन श्वेराक यांनी १९९२ मध्ये दाखवलं. २×२ साठी प्रश्न अजून उघडा आहे. त्यामुळे अकूस्टिक टेन्सर पास झाला म्हणून अस्तित्व सिद्ध झालं, असं अहवालात लिहू नये.

काठावरचा
पॉलिकॉन्व्हेक्सिटीवर एवढी चर्चा झाली, पण लोक घातांक विसरतात. साधं निओ-हुकियन, |ग|² + ड चं कॉन्व्हेक्स फलन, पॉलिकॉन्व्हेक्स आहे. तरी वरचं प्रमेय त्याला लागू होत नाही! प = २, मग क किमान २ हवा, आणि को ची मर्यादा सूत्रात कुठेच नाही. |ग|² वरून को ला फक्त पहिल्या घाताचं इंटिग्रल मिळतं. मूनी–रिव्हलिनमध्ये |को|² आलं की प = २, क = २, बरोबर काठावर बसतं. म्यूलर, टँग आणि यान यांनी १९९४ मध्ये क ची अट ३/२ पर्यंत खाली आणली, पण शून्यापर्यंत नाही.

आणि हा पुराव्यातला आळस नाही. य = क्ष/|क्ष| बघा (क्ष = मूळ अवस्थेतला बिंदू), गोळ्याचा केंद्रबिंदू फुटून पोकळी होते ते विरूपण. ग्रेडियंट १/त्रिज्या सारखा, |ग|^प चं इंटिग्रल प < ३ असेल तर सांत. को हा १/त्रिज्या² सारखा, |को|^क सांत फक्त क < ३/२ असताना. म्हणजे ३/२ हा आकडा पोकळीच्या दारावरचाच आहे. ड जवळजवळ सगळीकडे शून्य, पण डायव्हर्जन्सच्या रूपात लिहिलेला डिटर्मिनंट केंद्रावर ४π/३ वजनाचा डेल्टा देतो. दोन डिटर्मिनंट वेगळे पडले, की मायनरच्या वीक लिमिटचा युक्तिवाद ढासळतो.

बॉल यांनी १९८२ मध्ये याच गोष्टीचा सिद्धांत केला. गोळ्याच्या काठावर पुरेसा ताण दिला की भरीव गोळ्यापेक्षा पोकळी पडलेल्या गोळ्याची ऊर्जा कमी. असंपीड्य निओ-हुकियनमध्ये पोकळी स पट फुगवायला लागणारा ताण

म(५/२ − २/स − १/(२स⁴))

स = १ ला शून्य, स अनंताकडे गेला की ५म/२. यंग मॉड्युलस ३म धरला तर हेच ५/६ यंग मॉड्युलस. गेन्ट आणि लिंडली यांनी १९५९ मध्ये धातूच्या दोन चकत्यांमध्ये चिकटवलेल्या रबराच्या चकत्या ओढून आतल्या फुटीचा ताण मोजला, तो याच पातळीचा होता. रबरी बेअरिंग किंवा जाड चिकट सांध्यांची गणितं करणाऱ्यांनी हा आकडा पाठच करावा.

उलट बाजूही ध्यानात ठेवा: मूनी–रिव्हलिनमध्ये को चं पद असलं की लागणारा ताण स बरोबर वाढतच जातो, कुठेच थांबत नाही. त्या सूत्रात पोकळी कधीच सापडणार नाही. 'आमच्या गणितात कॅव्हिटेशन दिसत नाही' असं म्हणण्याआधी सूत्र कोणतं घेतलंय ते पाहावं.

जाळीदार
आणि सूत्र बरोबर घेतलं तरी साध्या फायनाइट एलिमेंटला पोकळी दिसत नाही. हा जाळीचा दोष नाही, लॅव्हरेन्टिएफच्या दरीचा आहे: गुळगुळीत विरूपणांची किमान ऊर्जा खऱ्या किमानाच्या वरच अडकते. सलग तुकड्यातुकड्यांच्या बहुपदी विरूपणाचा ग्रेडियंट बांधलेला असतो. काठावर य = स क्ष दिलं, आणि ऊ क्वासिकॉन्व्हेक्स असली, तर बांधलेल्या ग्रेडियंटच्या सगळ्या विरूपणांत एकसारखं फुगणंच किमान. जाळी कितीही बारीक करा, ऊर्जा त्या आकड्याखाली उतरत नाही. खरा किमान मात्र पोकळीवाला, आणि त्याची ऊर्जा ठाम अंतराने खाली. अभिसरण उत्तम, आलेख गुळगुळीत, उत्तर चुकीचं. याहून वाईट जोडी नाही.

रूढ उपाय म्हणजे आधीच बारीक भोक ठेवून गणित करणं आणि भोक लहान करत जाणं. तिथली गोम सांगतो. सोपं म्हणून द्विमितीत, आकारमान राखून: भोक ०.०१ त्रिज्येचं, पहिला थर ०.०१ जाडीचा, भोक फुगून ०.५ झालं. थराची बाहेरची त्रिज्या √(०.२५ + ०.०००४ − ०.०००१), म्हणजे ०.५००३. थर उरला ०.०००३ जाडीचा. सरळ बाजूचा त्रिकोण वर्तुळाची जीवा घेतो. जीवा आत शिरते त्रिज्या × कोन² / ८ इतकी. ती ०.०००३ च्या वर गेली की एलिमेंट उलटं. कोन² < ०.००४८, कोन ०.०६९ रेडियन, जेमतेम चार अंश. म्हणजे भोकाभोवती ९१ तरी भाग लागतात, आणि तेही फक्त उलटू नये म्हणून, अचूकतेसाठी नव्हे. वर्तुळाकार वाकणारी दुसऱ्या घाताची एलिमेंट घेतली की ही अट बरीच सैल होते. सलगता सोडून देणारी नॉनकन्फॉर्मिंग एलिमेंटही वापरतात, ती लॅव्हरेन्टिएफची दरी ओलांडू शकतात.

अर्धविराम
मिनिमायझर (किमान ऊर्जेचं विरूपण) मिळाला असं धरू. तो समतोलाचं समीकरण पाळतो ना? हे तर पहिल्या वर्षाच्या व्हेरिएशनच्या तासाला होतं.

काठावरचा
पाळतो की नाही, साधारण परिस्थितीत माहीत नाही. बॉल यांनी २००२ मध्ये लवचिकतेतल्या उघड्या प्रश्नांची जी मांडणी केली तिच्यात हा आहे. अडचण अगदी प्राथमिक. य च्या जागी य + ट फ घ्यायचं आणि ट शून्याकडे न्यायचा. पण मिनिमायझरचा ड सगळीकडे धन असला तरी एखाद्या ठरावीक धन आकड्याच्या वरच राहील याची हमी नाही. ट कितीही लहान घ्या, कुठल्यातरी छोट्या भागात नवा डिटर्मिनंट शून्याखाली जातो, ऊर्जा अनंत, डेरिव्हेटिव्ह घ्यायलाच काही उरत नाही.

वाट आहे, ती अशी: बेरीज करू नका, रचना करा. य नंतर लहानशी गुळगुळीत हालचाल लावा, म्हणजे य + ट फ(य). नवा ग्रेडियंट (एकक + ट × फ चा ग्रेडियंट) × ग. डिटर्मिनंट गुणाकाराने बदलतो, धन राहतो. यासाठी |(ऊ चं डेरिव्हेटिव्ह) × ग चा ट्रान्सपोज| ≤ क(ऊ + १) ही अट पुरते, आणि मिळतं कोशी प्रतिबलाचं विरूपित अवस्थेतलं समतोल समीकरण, वीक रूपात. −लॉग ड, ड च्या ऋण घाताची पदं, बहुपदी पदं सगळी ही अट पाळतात. हालचाल आधी लावून, मूळ अवस्थेच्या बाजूने, केलं तर एशेल्बीच्या ऊर्जा-संवेग टेन्सरचं समीकरण मिळतं. पियोलाचं नेहमीचं समीकरण, म्हणजे मूळ अवस्थेवर लिहिलेला समतोल, जे कोडमध्ये सोडवलं जातं, त्याची हमी या दोन्हींतून निघत नाही.

लघुकोन
छोट्या बलांसाठी मात्र परिस्थिती बरी आहे. काठ गुळगुळीत, सगळ्या काठावर विस्थापन दिलेलं, बल लहान, असं असेल तर इम्प्लिसिट फंक्शन प्रमेयाने गुळगुळीत उत्तर मिळतं. या पद्धतीची सुरुवात स्टॉपेल्ली यांनी १९५० च्या दशकात केली. काठाचा काही भाग पकडलेला नि काही मोकळा असला की त्या सांध्याशी गुळगुळीतपणा तुटतो आणि हे यंत्र बंद पडतं. प्रत्यक्षातला जवळपास प्रत्येक नमुना याच दुसऱ्या प्रकारचा, हे वेगळं सांगायला नको.

अवांतर: या बाजूचं शांतपणे वाचायचं असेल तर सियार्ले यांची त्रिमितीय लवचिकतेवरची व्याख्यानं टाटा इन्स्टिट्यूटच्या मालेत १९८३ साली निघाली आहेत. पातळ पुस्तक आहे आणि बॉलच्या प्रमेयाची सिद्धता त्यात पायरीपायरीने आहे.

ओळखपत्र
धागा वाचला. पॉलिकॉन्व्हेक्स सूत्र, घातांक ठीक, तरी न्यूटन अडकतो, स्टिफनेस मॅट्रिक्सला ऋण आयगेनव्हॅल्यू येते. मग एवढ्या सगळ्याचा उपयोग काय?

जाळीदार
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिकॉन्व्हेक्सिटी अकूस्टिक टेन्सर ऋण होऊ देत नाही, म्हणजे एका बिंदूपाशी पदार्थ ढासळत नाही. संपूर्ण स्टिफनेस मॅट्रिक्स धन राहील असं ती म्हणत नाही, आणि म्हणूही नये, नाहीतर बकलिंग कधीच सापडलं नसतं. तेव्हा आधी दोन्ही आकडे छापा. अकूस्टिक टेन्सरची किमान आयगेनव्हॅल्यू धन आणि मॅट्रिक्सची ऋण: ही रचनेची अस्थिरता, आर्क-लेन्थ (बल आणि विस्थापन मिळून पाऊल ठरवणारी पद्धत) लावा किंवा त्या आयगेनव्हेक्टरच्या दिशेने किंचित बिघाड पेरा. दोन्ही ऋण: सूत्र बदला. दोन्ही धन तरी अडकतो: बहुतेक वेळा पाऊल इतकं मोठं असतं की मधल्या एखाद्या पायरीत ड ऋण होतो, लाइन सर्चमध्ये प्रत्येक गॉस बिंदूवर ड > ० ही अट घाला आणि मोडली तर पाऊल अर्धं करा. लॉग ड ची किंमत 'नॅन' येऊन ती शांतपणे पुढे जाऊ देणारे कोड आहेत, तेवढं एकदा बघून घ्या.

ओळखपत्र
तिसराच प्रकार निघाला, ड ऋण होत होता. आता दुसरं: ड सगळीकडे धन आहे, तरी नमुन्याचे दोन भाग एकमेकांत घुसलेले दिसतात.

काठावरचा
ड > ० ही अट फक्त बिंदूजवळची. वर्तुळाकार कडं घ्या आणि कॉम्प्लेक्स संख्येचा वर्ग करणारं विरूपण लावा: डिटर्मिनंट ४ × त्रिज्या², सगळीकडे धन, पण प्रत्येक जागी दोन बिंदू. हे टाळायला सियार्ले आणि नेचास यांची १९८७ ची अट आहे: ड चं पूर्ण इंटिग्रल ≤ विरूपित नमुन्याने व्यापलेलं आकारमान. दुहेरी व्यापलं तर डावी बाजू मोठी होते, पकडलं जातं. प > ३ असेल तर ही अट वीक लिमिटमध्ये टिकते, त्यामुळे अस्तित्वाच्या प्रमेयात ती तशीच जोडता येते, आणि स्वतःशी घर्षणरहित स्पर्श आपोआप आत येतो. सगळ्या काठावर एकास-एक विस्थापन दिलेलं असेल तर बॉल यांच्या १९८१ च्या निकालाने पुरेशा घातांकांखाली आतली घुसखोरी तशीही होत नाही. अर्धा काठ मोकळा असला की मात्र होते.

कोडमध्ये ही इंटिग्रलची अट थेट घालू नका, महाग पडते. सेल्फ-कॉन्टॅक्ट चालू करा आणि गणित संपल्यावर दोन्ही बाजू एकदा मोजून ताडून पाहा: ड चं इंटिग्रल गॉस बिंदूंवरून, व्यापलेलं आकारमान विरूपित जाळीवर बारीक घनांचं जाळं टाकून. फरक घनांच्या आकाराच्या चुकीपेक्षा जास्त निघाला तर कॉन्टॅक्ट कुठेतरी सुटलाय.